दंडावरचा चहाडखोर

मास्तरांना साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी तो एकदाही मनावर घेतला नव्हता. खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरायच्या, त्यांना कापड चढवायचं, हा त्यांचा धंदा. हात असा बसलेला की स्प्रिंगा टोचतात म्हणून तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याच कोचावर नंतर घोरत पडायचं. रक्ततपासणीलाही त्यांनी असाच हात बसवला होता. तारीख कळली की तीन दिवस आधीपासून काकडी आणि उकडलेली भाजी. चौथ्या दिवशी रक्त देऊन बाहेर पडलं की थेट बेकरी, आणि तिथे उभ्या उभ्या दोन क्रीमरोल. कागदावरचा आकडा इतका साळसूद यायचा की जुने डॉक्टर त्यांचं उदाहरण इतरांना द्यायचे.

मग जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी उपाशीपोटीचा आकडा बाजूला सारला आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. कागद हातात आल्यावर त्यांनी तो मास्तरांसमोर ठेवला.

"मास्तर, तुम्ही परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणारे विद्यार्थी दिसता," त्या म्हणाल्या. "आता आपण रोजची हजेरी घेऊ."

हजेरी म्हणजे कोटाच्या बटणाहून जराशी मोठी पांढरी चकती. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि दर पाच मिनिटांनी आतली साखर मोजून मोबाइलला कळवते. चौदा दिवसांनी चकती संपते, की दुसरी लावायची.

दुसऱ्या शहरात नोकरी करणारी मास्तरांची मुलगी एवढ्यासाठी दोन दिवस रजा काढून आली. आपला जुना फोन तिने झाकणाच्या तपकिरी पाकिटात घालून बापाच्या हातात ठेवला. "बाबा, हा फक्त साखरेचा फोन. दंडापासून फार लांब न्यायचा नाही. आणि आकडा वर गेला की मला, आईला आणि आत्याला, तिघींनाही आपोआप कळणार."

"तिघींनाच का? रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरव की!" मास्तर म्हणाले. पण तोवर तिने सगळं जोडूनही टाकलं होतं.

या तिघी कोण, ते सांगायला हवं. मुलगी विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढायचं काम करायची. बायको सार्वजनिक ग्रंथालयात होती. तिथे मोठ्याने बोलायची सोय नसल्यामुळे ती फोनवर कुजबुजतच रागवायची, आणि त्या कुजबुजीपुढे आरडाओरडा परवडला असं मास्तरांचं मत होतं. आणि मोठी बहीण, म्हणजे ताई, सीमेवरच्या तपासणी नाक्यावर तीस वर्षं अधिकारी होती. ट्रकच्या टायरमधून, बाहुल्यांच्या पोटातून, एकदा तर पाद्र्याच्या टोपीतून तिने चोरीचा माल काढला होता. निवृत्त झाल्यापासून तिचे हात शिवशिवत होते.

तिसऱ्याच दिवशी मास्तरांनी कारखान्यात, सोफ्याच्या आडोशाला बसून, एक क्रीमरोल खाल्ला. काही झालं नाही. मास्तर खूश होऊन पालथ्या सोफ्याखाली शिरले आणि गोणपाटाला खिळे मारू लागले. वीस-पंचवीस मिनिटांनी खिशातून पीं पीं सुरू झालं. ते बंद करेपर्यंत दुसरा फोन वाजला.

"काय खाल्लंत?" बायकोची कुजबुज.

"काही नाही गं."

"काही नाही खाल्लं, तर दोनशे बेचाळीस कुठून आले?"

"जिना चढलो."

"अहो, कारखान्याला चार पायऱ्या आहेत."

तो ठेवतात तो मुलीचा, आणि तिच्या पाठोपाठ ताईचा. "अरे, क्रीमचं काहीतरी खाल्लंयस तू," ताई म्हणाली. "आकडा असा हळूहळू चढत बसलाय म्हणजे लोणी-मलईवालं काहीतरी. नुसती साखर असती तर ताडकन उडाला असता." तीनशे किलोमीटरवरून तिने मुद्देमाल ओळखलेला बघून मास्तरांनी ओठांवरचं क्रीम घाईघाईने पुसलं.

दोन दिवसांनी मात्र त्यांना देव पावला. दुपारी जेवून ते चकतीच्याच कुशीवर आडवे झाले आणि डोळा लागतोय तोच फोन वेगळ्या सुरात कोकलायला लागला. आकडा चोपन्न! ग्रंथालय दुपारी दोन तास बंद असतं म्हणून बायको घरीच होती. ती धावत आली, मास्तरांना बसतं केलं, पेलाभर साखरेचं पाणी पाजलं आणि वर चार गोड बिस्किटं स्वतःच्या हाताने भरवली. मास्तरांना कसलीही चक्कर आलेली नव्हती. पण बिस्किटं क्रीमची होती.

त्यांनी डोकं लढवलं. दंडावर भार पडला की आकडा खोटाच कोसळतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढचे तीन दिवस ते दुपारी घरी जेवायला आले, नेमके डाव्या कुशीवर झोपले आणि अधिकृत साखर खात राहिले. चौथ्या दिवशी मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्या दुपारी बायको पेल्याऐवजी उशी घेऊन आली.

"उजव्या कुशीवर वळा," ती म्हणाली. घरात ती कुजबुजत नसे.

अशा रीतीने चौदा दिवस सरले आणि नवी चकती लावायची वेळ आली.

मास्तरांच्या कारखान्याचा अर्धा भाग त्यांच्या भागीदाराचा होता. भागीदार सुतार. सोफ्याचा सांगाडा त्याने करायचा आणि गादी मास्तरांनी, असा पंचवीस वर्षांचा संसार. सुतार ताडमाड उंच आणि किडकिडीत. त्यात वर्षभरात आणखी वाळलेला, त्यामुळे येणाराजाणारा त्याच्या तब्येतीचं कौतुक करायचा. कपात चार चमचे साखर घालून तो दिवसातून पाच वेळा चहा प्यायचा आणि अंगाला काही लागायचं नाही. ते बघून मास्तरांचा जळफळाट व्हायचा. सुताराची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा.

"तुला एक काम सांगतो," मास्तर नव्या चकतीचं खोकं पुढे करत म्हणाले. "ही तू लाव."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच! तुझ्या अंगात साखर औषधालाही सापडणार नाही. तुझे आकडे त्यांना जाऊ देत, मी दोन आठवडे माणसासारखा जगतो."

सुताराने रंधा खाली ठेवला, बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायला आणि विचार केला. मैत्रीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने बाही वर केली. मास्तरांनी चकती बसवायचं यंत्र दंडावर टेकवून दाबलं. टक्‌ असा आवाज झाला.

"मुंगी चावली," सुतार म्हणाला. "बस एवढंच?"

मास्तरांनी काहीच नशिबावर सोडलं नाही. आपली संपलेली चकती त्यांनी फोम चिकटवायच्या पिवळ्या गोंदाने आपल्याच दंडावर पुन्हा बसवली. राहिला फोन. तो सुताराजवळच असायला हवा होता, आणि मास्तरांच्या खिशातही दिसायला हवा होता. सुताराने फोनचं माप घेतलं, प्लायवूडचा तेवढाच तुकडा कापला, कडा घासून गोल केल्या आणि तपकिरी पाकिटात असा बसवला की हलवला तरी वाजेना. काम फक्कड झालं होतं. दोघांनी ते जरा वेळ कौतुकाने बघितलं. मग खरा फोन सुताराच्या खिशात गेला आणि मास्तर क्रीमरोल आणायला बेकरीत गेले.

नव्या चकतीला सुरू व्हायला तासभर लागतो. तासभराने फोनवर आकडा उमटला. दोनशे एक्याण्णव.

दोघं फोनवर वाकले. फोन पीं पीं करायला लागला.

"हे रे काय?" मास्तर म्हणाले. "तू काय खाल्लंस?"

"चहा घेतला. रोजचाच."

"चहाने एवढं होत नाही. यंत्र बिघडलंय."

"यंत्र बिघडलेलं नाही," सुतार विचार करून म्हणाला. "त्याला तुझी सवय लागलीय. दोन आठवडे तुझंच रक्त बघत होतं ना."

"अरे, ही चकती नवी आहे!"

"फोन जुना आहे. फोनला सवय लागलीय."

एवढ्यात बायकोची कुजबुज आली. मुलीचा फोन आला. ताईचा मात्र आला नाही, आणि त्याने मास्तर जास्त घाबरले.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच दारात उभी राहिली, हातात बॅग आणि चेहऱ्यावर जुन्या नोकरीतला उत्साह. चप्पल काढायच्या आधी तिने मास्तरांचे खिसे तपासले. तपकिरी पाकीट तिने नुसतं चाचपलं, फोन आहे म्हणून परत ठेवलं. मग ती कारखान्यात गेली आणि दहा मिनिटांत आरामखुर्चीच्या स्प्रिंगांमधून बिस्किटांचा पुडा, फोमच्या गुंडाळीतून चॉकलेटं आणि खिळ्यांच्या डब्यातून, खिळ्यांच्या खाली, अर्धा केक बाहेर काढला.

"खिळ्यांखाली केक!" ती भावजयीला म्हणाली. "कल्पना वाईट नाही हं. पण माशा फिरत होत्या."

त्या दिवसापासून मास्तरांच्या ताटात कोबी, दुधी आणि काकडी एवढंच पडू लागलं. चहा बिनसाखरेचा. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली ताईच्या कमरेला. मास्तर भीतीपोटी खरोखरच तेवढंच खात होते. नऊ वर्षांत इतके प्रामाणिक ते कधी राहिले नव्हते. आणि आकडा? सकाळी दोनशे चाळीस, दहा वाजता तीनशे दहा, चार वाजता तीनशे पंचवीस.

"कुठून खातोयस, ते सांग," ताई म्हणायची.

"ताई, तुझ्या गळ्याची शपथ, मी काही खात नाहीये."

"मग हे तीनशे काय कोबीतून आले?"

बायको तर आता बोलेनाशीच झाली होती. एकदा ती जेवताना मास्तरांकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "मी आयुष्यभर तुमच्या ताटाकडे लक्ष दिलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही असे." मास्तरांनी काकडी ताटात परत ठेवली. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं, पण सांगायचं कुठून सुरू करायचं? गोंदापासून, की प्लायवूडपासून?

कारखान्यात येऊन ते सुतारावर चिडले. "चहा कमी कर की रे जरा! माझा जीव जायची वेळ आली."

"करतो," सुतार म्हणाला. तो कच्च्या लाकडाच्या ओंडक्यावर बसून दम खात होता. हल्ली तो मधेमधे बसायचा. "पण यंत्रच बिघडलंय, मी सांगतो तुला."

शनिवारी ताई आणि बायको मास्तरांना मधे घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्या आठवड्याचे आकडे बायकोच्या फोनवर पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी मास्तरांच्या बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या.

"किती?" तिघांनी एकदम विचारलं.

त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं. एकशे सोळा. बायकोच्या फोनवर त्याच क्षणी तीनशे बारा दिसत होते, शेजारी वर जाणारा बाण.

"बाही वर करा, मास्तर."

मास्तरांनी बाही वर केली. ती लवकर वर येईना, कारण ती वर करण्याची त्यांची इच्छा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चकतीला नख लावलं. चकती हलेना. त्यांनी वाकून वास घेतला.

"हा कसला वास?"

"गोंदाचा," बायको म्हणाली. तीस वर्षं ती त्या वासाचे शर्ट धूत होती.

"फोन बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. ताईने त्यांच्या खिशात हात घातला, पाकीट काढलं आणि उघडलं. आत सुंदर घासलेला, गोल कडांचा, गुळगुळीत प्लायवूडचा तुकडा होता. ताईने तो उलटा केला. सुलटा केला. टेबलावर आपटला. टक्‌ वाजला.

"चार दिवस," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "चार दिवस हे माझ्या नाकाखाली होतं. रोज सकाळी मी ते चाचपत होते." मास्तरांनी तिला इतकं खचलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बायको काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. ते काय होतं हे मास्तरांना पुढेही कळलं नाही, कारण डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. त्या हसत नव्हत्या.

"रागवायचं ते नंतर रागवा. आधी मला सांगा, हे आकडे कुणाचे आहेत?"

"सुताराचे," मास्तर म्हणाले. "पण त्याला काही नाही हो. यंत्र बिघडलंय."

"त्यांना आत्ता इथे बोलवा. आणि येईपर्यंत चहा-बिहा पिऊ नका म्हणावं."

सुतार वीस मिनिटांत आला. केसांत भुसा, हातात पाण्याची बाटली. दारात ताईला बघून तो परत फिरणार होता, पण ताईने त्याचं मनगट धरलं. बोटाला टोचलं. तीनशे सव्वीस.

"तहान फार लागते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, नाही," सुतार म्हणाला.

"लागते," मास्तर म्हणाले. "दोन लिटरची बाटली दिवसातून तीनदा भरतो."

"लघवीला वारंवार जावं लागतं?"

"तेवढं काही नाही."

"दर अर्ध्या तासाला जातो," मास्तर म्हणाले. "मी त्याला चिडवतो त्याच्यावरून."

"वजन कमी झालंय?"

यावर सुतार काही बोलायच्या आत मास्तर सुरू झाले आणि मधेच थांबले. वर्षभरात सुताराच्या पट्ट्याला चार नवी भोकं पडली होती. ती त्यांनीच पाडली होती, कातड्याला भोकं पाडायच्या आपल्या अवजाराने, दर वेळी हसत, "मजा आहे बुवा तुझी" म्हणत. हे सगळं रोज डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्यांनी त्याचा हेवा केला होता. मास्तर खुर्चीत नीट बसले.

"चार भोकं," ते म्हणाले. "पट्ट्याला."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्या दिवशी सुताराच्या आणखी तपासण्या झाल्या. आणखी दोन-तीन महिने असंच चाललं असतं, तर एक दिवस तो रंध्यावरच कोसळला असता, असं त्या म्हणाल्या. काही आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतील, मग बहुतेक गोळ्यांवर भागेल. चकती मात्र राहू द्यायची.

"आणि मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते अत्यंत धोक्याचं आणि अत्यंत मूर्खपणाचं होतं. त्यामुळे जीव वाचला म्हणून ते शहाणपणाचं होत नाही. कळलं?"

"कळलं," मास्तर म्हणाले.

"कळलं नसलं तर मी आहे," ताई म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सुतार थांबला. "इंजेक्शन घ्यायचं म्हणजे कुणीतरी शिकवायला लागेल," तो म्हणाला. "आणि जेवणाचं काय करायचं म्हणे? मी तर चहा-पावावरच असतो."

"भावजी, आजपासून आमच्याकडे जेवायचं," मास्तरांची बायको म्हणाली. "कोबी भरपूर आहे."

मुलीने त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरात बसून सुताराच्या नावाचं वेगळं खातं फोनवर उघडून दिलं. "काका, तुमचे आकडे कुणाला कळवायचे? घरचं कुणीतरी टाकावं लागतं."

सुताराने केसांतला भुसा झटकला. "घरचं म्हणजे," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जुळेना.

"आम्हा तिघींना टाकते," मुलगी म्हणाली.

मास्तरांच्या दंडावर नवी, खरी चकती आली. ती लावताना ताई, बायको आणि व्हिडिओवर मुलगी अशा तिघी साक्षीदार होत्या. ताई दोन दिवसांसाठी आली होती, ती तीन आठवडे राहिली. रोज सकाळी कारखान्यात येऊन ती सुताराला इंजेक्शन घेताना डोळ्यांत तेल घालून बघायची आणि तो चुकला की नाक्यावरच्या आवाजात ओरडायची. सुतार बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत प्यायचा. त्याचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली आला, त्या दिवशी बायकोने ग्रंथालयातून फोन केला आणि चुकून मोठ्याने "शाब्बास!" म्हणाली. वाचकांनी माना वर करून बघितलं म्हणे.

ताई गेल्यावरही तिचे फोन यायचे, पण मास्तरांना नाही. सुताराचा फोन वाजला की तो भुसा झटकून अंगणात जायचा आणि पंधरा-पंधरा मिनिटं उभा राहून बोलायचा. "नाही हो ताई, केळं अर्धंच खाल्लं," असं काहीतरी ऐकू यायचं. परत येताना त्याच्या चेहऱ्यावर शिव्या खाल्लेल्या माणसाचा भाव नसायचा. त्याचा पट्टा पुन्हा एका भोकाने सैल करावा लागला. ते मास्तरांनी मोजलं.

एका दुपारी मास्तरांच्या चकतीने पीं पीं केलं. त्यांनी मोहाला बळी पडून केकचा एक तुकडा खाल्ला होता, फार मोठा नाही. एकशे शहाण्णव. ते हातातली कात्री ठेवून फोनकडे बघत बसले. बायकोचा फोन आला नाही. मुलीचा आला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मास्तरांना कसंतरीच वाटायला लागलं. शेवटी त्यांनीच बायकोला फोन लावला.

"अगं, माझे एकशे शहाण्णव झालेत."

"बघितलं," बायको कुजबुजली. "केक ना? जरा चालून या. आणि भावजींना घेऊन जा बरोबर. त्यांचे दोनशे दोन झालेत."

मास्तरांनी मागे वळून बघितलं. सुतार फळ्यांच्या थप्पीआड पाठमोरा उभा होता आणि त्याचे दोन्ही कान हलत होते.

"काय खातोयस रे?" मास्तर ओरडले.

"काही नाही," तोंड भरलेलं असताना जसं बोलता येतं तसं सुतार बोलला.

मास्तरांनी त्याच्या हातातून बिस्किट काढून घेतलं, त्याला चप्पल घालायला लावली, आणि दोघं कारखान्याला कुलूप लावून भर उन्हात चालायला निघाले.